झऱ्याकाठची दोघं

लिओबा वाइडेनबाखच्या दफनाला गावातली अकरा माणसं आली, आणि त्यातली चार तर पाऊस लागला म्हणून दफनभूमीच्या कमानीखाली थांबलेली होती. तिच्या आईने, वाल्बुर्गाने, ती मोजली. दुःखात माणूस काय करेल सांगता येत नाही. वाल्बुर्गा मोजत होती. पाद्रीबुवांनी जागा दिली, पण घंटा दिली नाही. लान नदीच्या बंधाऱ्यावर पाय घसरून पडली, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. पाद्रीबुवांनी त्यातलं अर्धं मानलं, पडली तेवढं, घसरली ते नाही, आणि अर्ध्यात जेवढं बसतं तेवढं केलं: भिंतीलगतचा कोपरा, एक प्रार्थना, तीही झरझर. पोरीला चौथा महिना होता, हे डॉक्टरांनी लिहिलं नव्हतं. ते लिहायची गरजच नव्हती, कारण गावाला ते तोंडपाठ होतं.

शवपेटीचं झाकण लावायच्या आधी तिच्या बापाने, अन्सेल्मने, तिच्या हातांखाली एक कागद सरकवला. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र होतं ते. ओकच्या झाडाखालचा झरा, मागे पडका बुरूज, टोपी हातात घेतलेला एक तरुण, आणि झऱ्याच्या दगडावर बसून त्याच्याकडे वर बघणारी मुलगी. मुलगी म्हणजे लिओबाच. खांद्यावरून पुढे आलेली जाड वेणी, किंचित उघडे ओठ, सगळं तिचं. घरात तेवढी एकच प्रत होती.

"असू दे तिच्याजवळ," अन्सेल्म म्हणाला. "पत्रा आहे ना आपल्याकडे. हव्या तेवढ्या काढू."

वाल्बुर्गाने होकाराची मान हलवली. त्या दोघांच्या आयुष्यातला हा सगळ्यात महाग होकार, पण त्या वेळी ते कुणाला ठाऊक होतं!

चित्राची गोष्ट अशी. गावात एक कलामंडळ होतं. त्याच्या सभासदांना दर वर्षी नाताळच्या आधी तांब्यावरून छापलेलं एक चित्र भेट मिळायचं, ते चौकटीत घालून बैठकीच्या खोलीत लावायचं, म्हणजे आपण रसिक असल्याचं पाहुण्यांना आपसूक कळायचं. आदल्या दोन वर्षी घोडे आणि किल्ले झाले होते. सभासदांच्या बायकांनी नाकं मुरडली. तेव्हा यंदा प्रेम द्यायचं ठरलं. प्रेम म्हणजे रानातलं, झऱ्याकाठचं, पडक्या बुरजासकट, घरातलं नव्हे. काम अन्सेल्म वाइडेनबाखकडे आलं, कारण आसपासच्या चार जिल्ह्यांत त्याच्याइतका बारीक हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. हे लोक म्हणत. आणि अन्सेल्म कधी नाही म्हणत नसे.

तरुण म्हणून उभा राहिला राइनोल्ड, मंडळाचे अध्यक्ष आणि 'हॉफराट' ही दरबारी पदवी मिळालेले ग्रोमान यांचा मुलगा. जून महिना, कॉलेजला सुट्टी, अंगात नवा मखमली कोट. त्याला कुठेतरी उभं राहायचंच होतं. मुलगी म्हणून अन्सेल्मने आपलीच पोर बसवली. आठ दुपारी. तो समोर पत्रा मांडीवर घेऊन बसायचा, मेणाच्या काळ्या थरावर सुई फिरवायचा आणि मान वर न करता सांगायचा, "लिओबा, खाली नको बघू. त्याच्याकडे बघ. अजून. हां, आता बघत राहा."

आठ दुपारी तो हे सांगत होता. पोरीने ऐकलं.

दफनानंतर वाल्बुर्गा त्याला एकदाच बोलली. "तू सांगितलंस तेच केलं तिने. इतकं बापाचं ऐकणारी पोर या गावात दुसरी दाखव." एवढं बोलून ती कांदे चिरायला लागली. ऑक्टोबर उजाडेपर्यंत घरात मीठ, लाकूड आणि दाराची कडी याखेरीज कशाबद्दलही शब्द निघाला नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मंडळाने अन्सेल्मला पत्रा घेऊन बोलावलं. तो कामाच्या फडक्यात गुंडाळून घेऊन गेला. टेबलाच्या पलीकडे हॉफराट ग्रोमान, औषधवाला किंकेल आणि नोटरी ऱ्योडर, असे तिघे बसले होते.

"वाइडेनबाख," हॉफराट म्हणाले, "आम्हा सर्वांना तुमच्याबद्दल फार सहानुभूती आहे."

सहानुभूती होतीच. खुर्ची मात्र नव्हती. अन्सेल्म उभाच राहिला.

"प्रश्न चित्राचा आहे," हॉफराट पुढे म्हणाले. "ते उत्तम आहे. पण आत्ताच्या परिस्थितीत सभासदांना ते... किंकेल, तुम्ही सांगा."

औषधवाल्याने घसा साफ केला. "माझी बायको म्हणते, जेवताना समोर ती नको. म्हणजे, तिला वाईट वाटतंच हो! पण घास उतरायला हवा की नको?"

"आणि माझ्या दोन मुलींची लग्नं व्हायचीत," नोटरी म्हणाला. एवढंच. ते पुरेसं आहे असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"तर मुलगी काढायची," हॉफराट म्हणाले. "तिच्या जागी नेचे, गवत, काय शोभेल ते तुम्ही जाणता. चित्राचं नाव ठेवू 'झऱ्याकाठचा वाटसरू'."

अन्सेल्मने फडकं सोडलं आणि पत्रा टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "त्याला काढायचं नाही?"

"कुणाला?"

"समोर उभा आहे त्याला."

औषधवाला खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर काही नव्हतं. हॉफराट मात्र शांत होते. ते घरून उत्तर घेऊन आले होते. "तो कुणीही असू शकतो, वाइडेनबाख. टोपी हातात घेतलेला एक माणूस. तिचं तसं नाही. ती पाहताक्षणी ओळखू येते."

हे खरंच होतं. ऑगस्टमध्ये हॉफराटांच्या पत्नीने निरोप पाठवला होता, की राइनोल्डचं नाक जरा सरळ आणि हनुवटी जरा ठाम करावी. अन्सेल्मने केली. आता तो मुलगा कुणाच्याही घरचा जावई शोभला असता. पोरीच्या चेहऱ्यात बदल करा असं सांगायला तिला कुणी आई नव्हती का? होती, पण तिला वाटलं, आहे तो छान आहे.

"आणि मी नाही केलं तर?"

"पत्रा मंडळाचा आहे. फ्रांकफुर्टच्या ल्योरकडे पाठवू."

"ल्योर?" अन्सेल्मचा आवाज इतक्या वेळात प्रथमच चढला. "तो माणूस पत्र्यावर नांगर चालवतो!"

"म्हणून तर आधी तुम्हाला बोलावलं," हॉफराट म्हणाले. माणसाची नस कुठे आहे हे ओळखून त्यावर अलगद बोट ठेवायचं, याच गुणावर ते हॉफराट झाले होते.

अन्सेल्म हो म्हणाला. मग एक गोष्ट घडली, जी त्याच्या हिशेबात नव्हती. मंडळाकडे असलेल्या दोन प्रती हॉफराटांनी शेगडीत टाकल्या, आणि पुढ्यातल्या कागदांना भोकं पाडायची टोचणी उचलून पत्र्यावरच्या मुलीच्या चेहऱ्यावर आडवी-उभी ओढली. दोनदा. तांबं किंचाळलं. मागाहून परस्पर प्रती निघू नयेत म्हणून छापून झालेल्या पत्र्यावर अशी फुली मारायची रीत आहे. धंद्यातल्या प्रत्येकाला ती ठाऊक असते. पण छपाई उरकल्यावर मारतात, आधी नाही. आणि चेहऱ्यावर तर कुणीच मारत नाही.

"मोह नको," हॉफराट जवळजवळ प्रेमाने म्हणाले. "तुम्हालाही नको, आम्हालाही नको."

घरी वाल्बुर्गाने पत्रा उजेडात धरला. ती पस्तीस वर्षं या माणसाच्या घरात होती, तिला तांबं वाचता यायचं.

"हे कुणी केलं?"

"ग्रोमानने."

"आणि तू?"

"मी उभा होतो."

"ते माहीत आहे मला. तू उभा राहण्यात पटाईत." तिने बोट फुलीवरून फिरवलं, मग खाली मानेवर, मग वेणीवर. वेणीला टोचणी लागली नव्हती. "एक प्रत आहे कुठे?"

"नाही."

"म्हणजे होती ती मातीत."

"हो."

ती खाली बसली. पत्रा मांडीवर. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा ती त्याच्याशी पूर्ण वाक्यात बोलत होती, आणि अन्सेल्मला, लाज वाटावी अशी गोष्ट, बरं वाटलं.

"चेहरा गेला तो गेला," ती म्हणाली. "पण सगळी काढू नकोस, अन्सेल्म. काहीतरी राहू दे. ही वेणी राहू दे. नेच्यांत लपव, कुणाला कळू नको दे. ते खुशाल भिंतीवर लावोत. फक्त मला माहीत असू दे की ती तिथे आहे, त्या ग्रोमानच्या घरात, त्याच्या जेवणाच्या टेबलासमोर."

"ठेवतो."

"शपथ घे."

"अगं, म्हटलं ना ठेवतो."

"कुणाची घेतोस?"

त्याने थोडा विचार केला. शपथ घ्यायला जिवंत असं आता उरलं कोण होतं? "माझ्या हाताची," तो म्हणाला.

तांब्यावर काढलेलं पुसता येत नाही. पृष्ठभागच खाली न्यावा लागतो. तीन धारांच्या चाकूने तो खरवडायला लागला. तांब्याचे केसासारखे कपचे निघत, तो ते फुंकरीने बाजूला करी. आधी कपाळ, मग गाल. टोचणीच्या रेघा खोल होत्या, त्यामुळे तिथे खड्डा पडला. खड्ड्यात शाई साचते आणि कागदावर डाग उठतो. म्हणून पत्रा पालथा घालून ऐरणीवर ठेवायचा, नेमकी जागा परकाराने शोधायची आणि मागून हातोडीने हलकेच ठोकत ती वर आणायची. घरभर दोन दिवस टुक टुक आवाज होत राहिला. वाल्बुर्गा स्वयंपाकघरात मसूर निवडत बसली होती. ती दार लावू शकली असती. तिने लावलं नाही.

ओठ गेले, हनुवटी गेली, गळा गेला. दगडावर टेकलेला हात गेला. त्या जागी त्याने तेल आणि कोळशाची पूड लावून तांबं घोटून आरशासारखं केलं, पुन्हा मेणाचा थर दिला आणि नेचे काढले. वेणीला त्याने हात लावला नाही. तिच्यावरून पाती वळवली, तिच्या पेडांतून देठ काढले. रेघा कोरणाऱ्या तेजाबातून पत्रा बाहेर आला तेव्हा ओळखणाऱ्याला वेणी दिसावी आणि न ओळखणाऱ्याला रान दिसावं, असं त्याला वाटलं. छातीवरचं ओझं जरा उतरल्यासारखं झालं आणि तो पत्रा घेऊन टोबियासकडे गेला.

टोबियास हुंडर्टमार्क गावातला छापणारा. वय सत्तर, बोटांच्या कडा कायमच्या काळ्या, तोंड त्याहून. शवपेटी उचलणाऱ्यांत तो होता. पावसामुळे कमानीखाली थांबलेल्यांत नव्हता. त्याने पत्र्यावर शाई भरली, तळहाताने पुसली, ओला कागद ठेवून यंत्राचं चाक फिरवलं आणि कागद सोलून काढला. मग दोघांनी खिडकीपाशी नेला.

टोबियासने कागद आधी डोळ्यांजवळ धरला, मग हातभर लांब. हे वाईट लक्षण होतं.

"बोल की," अन्सेल्म म्हणाला.

"इथे झुडपात कुणाचा घोडा मेलाय का?"

"काय?"

"ही शेपूट कुणाची म्हणतो मी."

"शेपूट नाही ती."

टोबियासने त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे, आणि त्याचा आवाज खाली आला. "अरे बाबा. कळलं. कळलं मला. ठेव. ग्रोमानला कळायचं नाही, त्याला चित्रातलं झाड आणि खुंटीवरचा कोट यातला फरक कळत नाही."

"मग झालं तर."

"झालं." टोबियासने पाइप शोधायला खिसे चाचपले. त्याला गप्प बसता आलं असतं. पण पन्नास वर्षं दुसऱ्यांची कामं छापून छापून त्याला एक खोड लागली होती: जे दिसतं ते बोलायचं. "फक्त हे बघ, हा नेचा चुकीच्या दिशेने वळलाय. आणि इथे सावली दोन्हीकडून पडते. ग्रोमानला नाही कळणार. पण प्रत ड्युसेलडॉर्फला जाते, फ्रांकफुर्टला जाते. ल्योर बघेल. म्हणेल, म्हातारा संपला. दुरुस्ती करता येईना, म्हणून वर गवत टाकलंन."

"ल्योर म्हणेल?"

"तो पहिला म्हणेल. मग बाकीचे."

अन्सेल्मने भिंग काढलं. त्याला पोरगी बघायची होती. खरंच, त्याच मनाने त्याने भिंग डोळ्याला लावलं. पण भिंगातून त्याला दिसली ती वेडीवाकडी जागा. पातं देठावर चढलेलं. दोन रेघांच्या मधे अडकलेली घाण. चाळीस वर्षांत त्याच्या हाताखालून असलं काम गेलं नव्हतं.

"सोमवारपर्यंत थांब," तो टोबियासला म्हणाला. "थोडं सारखं करतो."

"वेणी ठेवशील ना?"

"ठेवतो रे. फक्त सारखं करतो."

आणि त्याने सारखं केलं. आधी नुसता तो नेचा. नेचा सरळ झाला तर शेजारची सावली चुकीची दिसायला लागली. सावली नीट केली तर वेणीचा वरचा पेड हवेत लोंबकळायला लागला, तेव्हा तेवढा एक पेड त्याने खरवडला. उरलेले दोन होतेच. शनिवारी त्यातला एक गेला, कारण त्याची रेघ आता कशाचीच नव्हती. रविवारी वाल्बुर्गा एकटी चर्चला गेली, मागच्या बाकावर बसली, कुणी तिच्याशी बोललं नाही. परत आली तेव्हा तो तसाच पत्र्यावर वाकलेला होता. "राहिलीय ना?" तिने दारातून विचारलं. "राहिलीय," तो म्हणाला. त्या वेळी ते खोटं नव्हतं. वेणीचं टोक होतं, रिबिनीसकट. रिबिनीचं त्याने दुपारी फूल केलं. फूल झऱ्याच्या काठी एकटं ओंगळ दिसत होतं, म्हणून दिवेलागणीच्या आत त्याचं पान केलं. ते पान इतकं सुंदर उतरलं, की तो मागे रेलला आणि त्याच्या तोंडून समाधानाचा हुंकार निघाला. तो हुंकार त्याने स्वतःच ऐकला, आणि मग त्याचे हात थांबले.

पण तेव्हा थांबून काही उपयोग नव्हता.

सोमवारी टोबियासने नवी प्रत काढली, खिडकीपाशी नेली, तिरकी धरली, सरळ धरली. शेवटी म्हणाला, "देवाशपथ, अन्सेल्म. मला ठाऊक असून सापडत नाही." हे कौतुक होतं. टोबियासच्या तोंडून पन्नास वर्षांत निघालेलं बहुधा तिसरं. मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो, आणि तो उगाच शाईचा डबा पुसत बसला.

तीनशे साठ प्रती निघाल्या. नोव्हेंबरअखेर त्या घरोघर गेल्या. औषधवाल्याने जेवणाच्या खोलीत लावली, घास उतरू लागले. नोटरीच्या मोठ्या मुलीला तो वाटसरू फार आवडला. राइनोल्ड हायडेलबर्गला होता. त्याची प्रत त्याला टपालाने गेली. हॉफराट स्वतः चालत वाइडेनबाखच्या दारापर्यंत आले, एवढंच नव्हे तर उंबऱ्याच्या आत आले, आणि एक प्रत टेबलावर ठेवली.

"कारागिराची प्रत," ते म्हणाले. "अप्रतिम, वाइडेनबाख. मी भिंग लावून पाहिलं. तिथे कधी कुणी होतं असं वाटतच नाही."

"आभारी आहे," अन्सेल्म म्हणाला. सवयीने. तोंडातून निघून गेलं ते परत घेता येत नाही.

हॉफराट गेल्यावर वाल्बुर्गा हात धुऊन, एप्रनऐवजी स्वच्छ फडक्याला पुसून आली. इतके दिवस तिने विचारलं नव्हतं. ती या दिवसासाठी थांबली होती. तिने कागद कडांनी उचलला, शाईला बोट लागू नये असा, आणि खिडकीपाशी बाकावर बसली. तिच्या चेहऱ्यावर, सप्टेंबरातल्या दफनापासून पहिल्यांदा, काहीतरी मिळायचं असल्यासारखा भाव होता.

"दाखव," ती म्हणाली.

अन्सेल्म तिच्यामागे उभा राहिला. त्याने हात पुढे केला आणि बोट ठेवलं. ते बोट राइनोल्डच्या बुटावर पडलं. तांब्यावर पोरगी डावीकडे होती. इतके महिने त्याने तिला डावीकडेच पाहिलं होतं, डावीकडेच खरवडलं होतं, आणि छापताना सगळं उलटतं हे पोरसवदा शिकाऊलाही ठाऊक असतं.

"हा तो आहे," वाल्बुर्गा म्हणाली.

"हो. चुकलं. इकडे." बोट उजवीकडे गेलं. नेच्यांवर फिरलं, दगडावर आलं, पुन्हा नेच्यांवर गेलं. पाती एकाहून एक सरस होती, प्रत्येकीवर उजेड नेमका पडलेला. तो वाकला. त्याने भिंग घेतलं. त्या पानाच्या शेजारी, की त्याच्या खालच्या? हा दगड तेव्हा इथवर येत होता का? तो शोधत राहिला, आणि जसजसा शोधू लागला तसतसं त्याला कळत गेलं, की आपण बायकोला फसवायला शोधतोय असं नाही, आपल्यालाच सापडत नाहीये.

वाल्बुर्गाने त्याचं बोट मनगटाला धरून बाजूला केलं. ओरडली नाही. तिने कागद पालथा केला, काचेवर उजेडाला टेकवला आणि मागच्या बाजूने बघू लागली; उलटं चित्र त्यामुळे पुन्हा तांब्यावर होतं तसं सुलट दिसत होतं, बुरूज उजवीकडे, झरा डावीकडे. डावीकडे ती फार वेळ बघत राहिली.

"हात चांगला आहे तुझा," ती म्हणाली.